शेपटीचा साचा

दीपमालाच्या हातात कुणाची तरी वरची कवळी होती आणि डबा खायची वेळ टळून चालली होती, तेवढ्यात लॅबच्या दारात तिचे वडील येऊन उभे राहिले. आष्ट्याहून एसटीनं आले होते. सगळ्या खोलीला मिळून एकच ‘जयभीम’ घालून धोंडिराम सरळ तिच्या टेबलाशी आले. खिशातून रुमाल काढून त्यांनी त्याच्या घड्या उलगडल्या आणि आतला रबरी मासा तिच्यासमोरच्या प्लॅस्टरच्या जबड्याशेजारी ठेवला.

“ह्याला शेपूट बसीव.”

दीपमालानं माशाकडे बघितलं, मग वडिलांकडे. “आप्पा, ही दातांची लॅब आहे.”

“म्हनूनच आलोय. तू दात करतीस. शेपूट काय त्याच्यापेक्षा अवघड हाय?”

विश्रामबागेतल्या त्या लॅबमध्ये दीपमालाला अकरा वर्षं झाली होती. डॉक्टर लोक पेशंटच्या जबड्याचं माप पाठवायचे. त्यावरून ती प्लॅस्टरचा जबडा ओतायची, मेणात दात बसवायची आणि तयार कवळी घासूनपुसून डबीत घालून द्यायची. पुढं ती कुणाच्या तोंडात गेली, बसली का टोचली, हे तिच्यापर्यंत कधी येत नसे. आलीच तर तक्रार यायची.

माशाची गोष्ट तिला पाठ होती. आप्पा फौजेत ईशान्येकडं होते तेव्हा एका साहेबानं त्यांना असल्या पाच माशांची पुडी दिली होती. मऊ, बोटानं दाबला तर दबणारा मासा. पोटात गळ खुपसायचा, पाण्यात टाकून ओढायचा, की शेपूट अशी वळवळायची की मरळीसारख्या शिकारी माशानं झडप घालायलाच पाहिजे. रिटायर होऊन आल्यावर चार मासे आष्ट्याच्या तलावातल्या मरळींनी नेले. पाचव्याची नुसती शेपूट नेली. बिनशेपटीचा मासा पाण्यातून काठीसारखा सरळ यायचा आणि मरळ त्याच्याकडं ढुंकूनही बघत नव्हती.

“सांगली, मिरज, कोल्हापूर, समदं पालथं घातलं,” आप्पा म्हणाले. “दुकानदार गांडूळ दावत्यात.”

“मग गांडूळ लावा.”

आप्पांनी तिच्याकडं असं बघितलं की जणू तिनं त्यांना भीक मागायला सांगितलं होतं.

संध्याकाळी घरमालकांकडं आईचा फोन आला. “त्याला चार दिवस तिकडंच ठेवून घे,” बाळाबाई म्हणाली. “माझ्या कढईत चप्पल शिजीवली तुझ्या बापानं.”

“चप्पल?”

“दोन. आन् सायकलची ट्यूब. गल्लीभर वास सुटला. ती रंगुबाई इचारत आली, कोन भाजलं का काय. कढई टाकून दिली मी. आता त्यो तिकडं, मी हिकडं.”

चपलेपासून केलेला मासा आप्पांनी बरोबर आणलाच होता. काळा, वाकडा, आणि इतका टणक की त्यानं खिळा ठोकता आला असता. तो त्यांनी दीपमालाला दाखवला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती, उलट थोडी अपेक्षाच होती.

नवरा रेल्वेत, ड्यूटी पुण्याकडं, त्यामुळं दोन खोल्यांत ती आणि आप्पाच. त्यांना चार दिवस गप्प बसवायचं तर मासा करणं भागच होतं. तिनं दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळात मेणाची शेपूट कोरली, ती रबरी माशाला चिकटवली आणि प्लॅस्टरमध्ये दोन भागांचा साचा ओतला. खाली अर्धा मासा, वर अर्धा, डोक्याकडं ओतायला भोक. हे काम तिला डोळे मिटून येत होतं. घरी आणून तिनं तो गॅलरीत ठेवला.

“चार दिवस हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “प्लॅस्टर वरून कोरडं दिसतं, आतून ओलं असतं.”

“बरं.”

ते ‘बरं’ इतकं झटपट आलं की तिनं तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मऊ प्लॅस्टिकची सोय अश्फाकनं केली. अश्फाक आष्ट्याचाच, तलावावरचा आप्पांचा दोस्त. कुपवाडच्या एका कारखान्यात पक्कडींच्या मुठींवर लाल आवरण चढवायच्या कामावर होता. मुठी ज्यात बुडवतात ते लाल दुधासारखं पातळ मिश्रण तापलं की रबरासारखं होतं, हे त्याच्या ध्यानात आलं होतं. पिंपाच्या तळाशी उरलेलं मुकादमाला विचारून त्यानं बरणीत भरून आणलं. “चाचा, उघड्यावर तापवा. धूर नाकात गेला तर डोकं उठतंय,” एवढं सांगून तो पाळीवर गेला.

संध्याकाळी दीपमाला घरी आली तर गॅलरीत स्टो, स्टोवर तिचं दुधाचं पातेलं, भिंतीवर लाल शिंतोडे आणि आप्पांच्या मनगटाला खोबरेल.

“फुटला,” आप्पा म्हणाले.

“कोण फुटला?”

“साचा. वतलं आन् फस्सदिशी वाफ आली. तू प्लॅस्टर हलकं वापरलंस.”

दीपमालानं पातेलं उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ओल्या प्लॅस्टरमध्ये तापलेलं काहीही ओतलं की असंच होणार, हे ती पहिल्या वर्षी शिकली होती आणि परवाच तिनं वडिलांना सांगितलं होतं. साच्यातून निघालेला मासा नुसता भोकाभोकांचा होता. तरी तो मऊ होता. तिनं नकळत तो दाबून बघितला, आणि आप्पांनी ते बघितलं, याचा तिला आणखीनच राग आला.

दुसरा साचा तिनं लॅबमध्येच ठेवला, वरच्या फळीवर, आप्पांच्या हाताबाहेर. निदान तिला तसं वाटलं. गुरुवारी ती शेजारच्या दवाखान्यात मापं आणायला गेली आणि परत आली तेव्हा आप्पा स्टुलावर चढलेले होते. साचा त्यांच्या हातात सुखरूप होता. खाली फरशीवर साळूबाईंचा खालचा जबडा तीन तुकडे होऊन पडला होता.

साळूबाई लोणंदच्या. सांगलीत लेकीकडं आल्या असताना डॉक्टरांनी त्यांचं माप घेतलं होतं. नातीचं लग्न येत्या रविवारी. शनिवारी कवळी द्यायची हे कार्डावर लाल शाईनं लिहिलेलं. जबडा फुटला म्हणजे माप पुन्हा घ्यायला पाहिजे, आणि बाई दीडशे किलोमीटरवर.

“सुकला का न्हाई ते बगत हुतो,” आप्पा म्हणाले.

मग मात्र दीपमाला बोलली. सगळ्या लॅबसमोर बोलली. म्हातारपणी लोक नातवंडं खेळवतात, तुम्ही मासे खेळवता. आईची कढई गेली, माझं पातेलं गेलं, आता एका बाईचं नातीच्या लग्नात हसणं घालवलंत. तुम्हाला ऐकायला येत नाही असं नाही, तुम्ही ऐकतच नाही. आप्पा स्टुलावरून उतरले. साचा त्यांनी टेबलावर ठेवला, तुकडे गोळा करून कागदावर मांडले, कार्ड उचलून त्यावरचं नाव-गाव थोडा वेळ वाचलं आणि निघून गेले.

संध्याकाळी ते घरी आले नाहीत. जेवायच्या वेळेपर्यंत तिचा राग टिकला. नंतर त्यात काळजी मिसळली आणि काळजी करावी लागते म्हणून पुन्हा राग आला. आष्ट्याला फोन करावा तर आई घाबरणार. केला नाही.

शुक्रवारी दुपारी लॅबच्या दारात आधी एक नऊवारीतली ठेंगणी म्हातारी आली आणि तिच्यामागं तिचं गाठोडं घेऊन आप्पा.

“हीच का दीपमाला?” म्हातारीनं विचारलं. दात नसल्यामुळं शब्द ओठांतून घरंगळत होते, पण आवाज खणखणीत होता. “बाय, मी साळूबाई. ह्यो तुझा बाप काल लोणंदला आला, फलाटावर झोपला आन् सकाळी माज्या दारात हात जोडून हुबा. म्हनला, तुमचा जबडा मी फोडला, चला. लगीनघर टाकून आले. पर गाडीत बसल्यापास्नं सांगलीपातुर ह्यानं मला मासाच सांगितला! कवाधरनं त्याची शेपूट करतीस म्हनं? करून टाक बाय येकदाची. परतीला ह्यो पोचवाय येनार हाय, मला पुन्यांदा त्येच ऐकायचं न्हाई.”

लॅबमधले सगळे हसले. दीपमालाला हसू येत होतं आणि ते आप्पांना दिसू नये म्हणून तिनं खाली वाकून साळूबाईंचं गाठोडं घेतलं.

डॉक्टरांनी नवं माप घेतलं तेव्हा तीही शेजारी उभी राहिली. अकरा वर्षांत पेशंटच्या तोंडात तिनं पहिल्यांदाच बघितलं. खालची हिरडी डावीकडं पार झिजलेली होती. बाई बोलताना जबडा थोडा उजवीकडं नेत होत्या. कार्डावर यातलं काहीच नव्हतं. तिनं त्याप्रमाणं दात बसवले, शनिवारी दुपारपर्यंत कवळी दिली. साळूबाईंनी आरशात बघितलं, शेंगदाणा मागितला आणि तो चावून दाखवला. मग आप्पा त्यांना लोणंदला सोडून त्याच रात्रीच्या गाडीनं परत आले. परतीच्या प्रवासात मासा सांगितला की नाही, हे त्यांनी सांगितलं नाही.

माफी त्यांनी मागितली नाही. पण पुढचा आठवडाभर, लॅबमधून आणून गॅलरीत ठेवलेल्या साच्याकडं ते बोट न लावता, हात मागं बांधून नुसते बघत राहायचे. सात दिवस झाले तेव्हा दीपमालानं साच्याला आतून पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा हात दिला, तो वाळवला आणि म्हणाली, “आता आणा तुमची बरणी.”

लाल मिश्रण आधी दुधासारखं होतं, मग त्यानं दह्यासारख्या गुठळ्या धरल्या, मग ते मधासारखं पातळ आणि नितळ झालं. त्या क्षणाला ओतायचं. वाफ आली नाही. थंड झाल्यावर साचा उघडला तर आत अख्खा मासा, खवल्यांसकट.

पाण्यानं भरलेल्या पिंपात दोरीनं ओढून बघितला तर तो कुशीवर पडून आला. शेपूट ढिम्म.

“झोपलाय,” आप्पा म्हणाले.

“मला दिसतंय.”

शेपटीचा दांडा जाड झाला होता. तिनं नवी शेपूट कोरली, दांडा उदबत्तीच्या काडीएवढा ठेवला, टोक थापीसारखं चपटं केलं. पुन्हा साचा, पुन्हा सात दिवस. या वेळी पिंपात मासा सरळ आला आणि सावकाश ओढला की शेपूट डावी-उजवीकडं अशी हलली की दीपमालानं तो चौदा-पंधरा वेळा ओढला. आप्पांना दोरी मिळायला थांबावं लागलं.

रविवारी ती त्यांना आष्ट्याला पोचवायला गेली, म्हणजे आईच्या ताब्यात द्यायला. पण आप्पा एसटीतून उतरले ते थेट तलावाकडंच निघाले. दोन तास ते गळ टाकत होते आणि कवायतीला निघाल्यासारखे दोरी भराभर गुंडाळत होते. काही लागलं नाही.

“सावकाश ओढा,” ती म्हणाली. “जोरात ओढला की शेपूट अडकून राहते. पिंपात बघितलं की.”

“मरळीला सावकाश चालत न्हाई.”

तिसऱ्यांदा सांगून झाल्यावर तिनं त्यांच्या हातातून काठी काढूनच घेतली. तिची फेक कशीबशी शेवाळाच्या कडेला पडली. तिनं चप्पल काढली, चिखलात पाय रोवले आणि दोरी अगदी संथ गुंडाळायला लागली. पाणी फुगलं, फाटलं आणि काठी तिच्या हातातून निसटायलाच निघाली.

“सैल सोड! न्हाई, ताण! डावीकडं! डावीकडं, दीपे!”

“आप्पा, गप्प बसा!”

आणि ते गप्प बसले. खरोखर. ती चिखलात मागं मागं सरत गेली, साडीचा घोळ भिजला, मनगटं दुखायला लागली, आणि हातभर लांब मरळ गवतावर येऊन आपटली. लाल मासा तिच्या जबड्यात आडवा होता, पोटाकडून फाटलेला, पण शेपूट शाबूत. दीपमाला त्याच्याकडं बघत धापा टाकत राहिली. आपण केलेली एखादी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत कामाला येताना, साळूबाईंच्या शेंगदाण्यानंतर, ती दुसऱ्यांदाच बघत होती.

पलीकडच्या काठावरून दादासो नावाचा एकजण धावत आला. “धोंडिआबा, कुठनं आनलासा ह्यो?”

“माज्या लेकीनं केलाय,” आप्पा म्हणाले. “तुला बी करून दील.”

“देणार नाही,” दीपमाला म्हणाली. “साचा मी यांच्या पिशवीत घातलाय. ओतायचं यांनी, अश्फाककडं जायचं यांनी. लॅबच्या पायरीला पाय लावायचा नाही.”

आईनं मरळ तळली, आप्पांशी न बोलता त्यांच्या ताटात डोकं वाढलं. दुपारी ते लेकीला स्टँडवर सोडायला आले. सांगलीची गाडी लागली, ती चढली, खिडकीशी बसली. आप्पा खाली उभे होते, काहीतरी विचारायचं असल्यासारखे.

“दीपे, त्ये तुज्याकडं गुलाबी मेन असतंय का न्हाई,” ते म्हणाले, “जरा दे. म्या बेडूक करीन म्हनतो.”

तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली, आप्पा खिडकीबरोबर चार पावलं चालले.

“मागचे पाय हलायला पाहिजेत का?” ती ओरडली.