फळीवरचा भाव

तीन टक्के! साहेबाने ते असं सांगितलं, जणू स्वतःच्या ताटातला घास काढून देत होता.

लेबलबाई उभीच होती, कारण बस म्हणून कुणी म्हणालंच नव्हतं. टेबलापलीकडे साहेब कागदावरून वाचत होता. "वर्षभरात महागाई तीन टक्क्यांनी वाढली. म्हणून सगळ्यांना तीन टक्के पगारवाढ. कंपनी कुणावर अन्याय करत नाही."

"तीन टक्के कुणी सांगितलं?"

"आकडे वरून येतात, बाई."

"वरून पाऊस येतो, साहेब. भाव मी लावते."

आणि ते अक्षरशः खरं होतं. त्या दुकानात फळीच्या कडेला भावाची जी चिठ्ठी दिसते, ती अकरा वर्षं तिच्याच बोटांनी लागत आलेली. दर मंगळवारी ऑफिसातून नव्या लेबलांचे ताव यायचे, आणि दुकान उघडायच्या आत ती तेल, साबण, तांदूळ, दूध पावडर करत पाच रांगा पालथ्या घालायची. महागाई तिला बातम्यांत ऐकावी लागत नव्हती. ती स्वतःच्या अंगठ्याने दाबून बसवत होती, आणि संध्याकाळी त्याच फळीवरून तेच सामान त्याच भावाने विकत घेऊन घरी जात होती. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, म्हणतात. हिचं तर रोज जळत होतं.

आता साहेबाचंही सांगायला हवं. नऊ वर्षांपूर्वी हा बाबा खोकी बांधायला लागला, तेव्हा त्याला चिकटपट्टी धड कापता येत नव्हती. खोक्यापेक्षा बोटांनाच जास्त चिकटायची. म्हणून सगळे त्याला टेप्या म्हणायचे. लेबल सरळ कसं लावायचं, कड कशी दाबायची, सगळं त्याला लेबलबाईने शिकवलं. तेव्हा "ताई, ताई" करत शेपटासारखा मागे फिरायचा. मग गळ्यात टाय आला, आणि ताईची बाई झाली.

"तुला किती दिली वाढ?" तिने एकदम विचारलं.

साहेबाचे कान लाल झाले. "तो इथे विषय नाही. आणि जरा नीट बोला. 'तुला' काय?"

"बरं, तुम्हाला किती? घरी चार महिन्यांचं बाळ आहे तुमच्या. पावडरीचा डबा काय भावाने घेता?"

तो पुन्हा कागदावरून वाचू लागला. बाईचा पारा मात्र चढलेलाच होता. ती तडक तेलाच्या रांगेत गेली, फळीच्या कडेवरून तेल मुरून सैल झालेला लेबलांचा एक जाड थर नखाने उचकटला आणि आणून त्याच्या टेबलावर आपटला. एकावर एक नऊ लेबलं होती. वरच्यावर एकशे एक्कावन्न. तिने एकेक सोलत नेलं. एकशे सत्तेचाळीस, एकशे चव्वेचाळीस, एकशे एकोणचाळीस... सगळ्यात खाली पिवळ्या कागदाचं एक फाटकं लेबल होतं, बरोबर एका वर्षापूर्वीचं. एकशे वीस.

"हे घ्या तुमचे वरून आलेले आकडे. एकशे वीसवर एकतीस. शेकड्याला सव्वीस होतात. तीन कुठल्या फळीवर आहेत ते दाखवा, मी लगेच जाऊन घेऊन येते."

कुणी माणूस असता तर खाली मान घातली असती. साहेबाने त्या थराकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे तुम्ही जुनी लेबलं काढतच नाही? वर्षभर?"

बघा, चोराच्या उलट्या बोंबा! जुनी लेबलं खरवडायला वर्षापूर्वी एक जोडीदारीण होती. पैसे वाचवायला म्हणून कंपनीने तिला काढलं. पिवळा कागद महाग पडतो म्हणून तोही त्याच महिन्यात बंद करून पांढरा आणला. एकटीने पाच रांगा खरवडायच्या आणि लावायच्या, हे दोन हातांचं काम नव्हतंच. म्हणून ती जुन्यावर नवं चिकटवत गेली, आणि "असंच करा ताई, वेळ वाचतो," हे तिला ह्याच टेप्याने सांगितलं होतं. तेव्हा टाय नवा होता, जीभ अजून जुनी होती.

"नियम क्रमांक चौदा," साहेब आता लिहूच लागला. "एका जागी एकच लेबल. शनिवारी दुकान उघडायच्या आत सगळ्या रांगा स्वच्छ हव्यात. तोपर्यंत तुमची वाढ थांबवली आहे. आणि ह्या कामाचे जादा तास मिळणार नाहीत, चूक तुमची आहे."

तीन टक्के म्हणजे तोंडाला पानं पुसणं होतं. आता ती पानंही ह्याने काढून घेतली.

घरी नवरा पाठीला उशी लावून बसला होता. रंगकाम करताना शिडीवरून पडला, तेव्हापासून महिन्यातले दहा दिवसच काम जमायचं. खोलीच्या मालकाने भाडं एकदम बारा टक्क्यांनी वाढवलं होतं. एक तारखेपर्यंत हो म्हणा, नाहीतर खोली सोडा, असा सरळ हिशेब होता. खोली सोडली तर जायला एकच दार होतं, जावेचं. थोरली जाऊ मागची खोली द्यायला तयार होती. "या की, मी कुठे नाही म्हणते? आमच्याच जिवावर तर सगळे उठलेत," असं तिने फोनवर सांगितलं होतं. ह्या एका वाक्यासोबत आयुष्यभर जेवायचं, ह्या विचारानेच लेबलबाईच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"मिळतंय ते घे," नवरा म्हणाला. "कशाला तोंड चालवायला गेलीस? साहेबाशी वाकडं घेऊन काय मिळालं?"

"आणि सरळ राहून काय मिळालं? अकरा वर्षं सरळच लावतेय लेबलं."

"निदान तीन टक्के तरी आले असते."

"दात कोरून पोट भरत नाही हो! तीन टक्क्यांत भाडं भरलं तर तेल नाही, तेल घेतलं तर भाडं नाही. काय करू, भिंती खाऊ?"

तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. "तुझ्या जिभेपायीच आपण वहिनीच्या दारात जाणार आहोत," म्हणाला. हे मात्र तिला साहेबाच्या कागदापेक्षा जास्त लागलं.

शनिवारी उजाडता उजाडता ती दुकानात होती. एका हातात ओलं फडकं, दुसऱ्या हातात पत्र्याची खरवडणी. दोन दिवस तिने ठरवलं होतं की गप्प बसायचं, काम उरकायचं, तीन टक्के पदरात पाडायचे. पहिल्या रांगेतल्या साबणापाशी तिने थराची कड उचलली. वरची पांढरी लेबलं गुळगुळीत कागदावर कागद, भसाभस निघाली. खालचं पिवळं मात्र फळीला असं धरून बसलं होतं की नख मोडलं. जोडीदारीण कामाची पक्की होती, तिने घासून दिलेल्या फळीवर लावलेलं लेबल हलत नव्हतं. फडकं, पाणी, खरवडणी सगळं करून झालं. एका पिवळ्या लेबलाला पाच मिनिटं लागली. रांगा पाच, लेबलं बाराशे.

तेवढ्यात साहेब डोकावला. आज दाढी केलेली नव्हती, डोळे सुजलेले होते. बाळाने झोपू दिलं नसावं. "हे नवे ताव," म्हणून त्याने एक गठ्ठा पुढे केला. "स्वच्छ झालं की हे लावायचे."

"आज तर शनिवार. मंगळवारी लावले ना आत्ताच?"

"वाढलेत परत. मी काय करू?"

तिने वरचा ताव पाहिला. तेल, एकशे छप्पन्न. चार दिवसांत पाच! तिची वाढ वर्षातून एकदा यायची आणि तीही थांबवता यायची. ह्या लेबलांना कुठल्याच नियमाने थांबवलं नव्हतं.

साहेब गेला. ती पिवळ्या लेबलाकडे पाहत राहिली. साबण, तीस. मग तिची नजर दाराकडे वळली. दारावर दुकानाच्या मालकाने हौसेने लावलेली हातभर पाटी होती: फळीवर जो भाव, तोच आमचा भाव. आणि ही पाटी नुसती शोभेची नव्हती. मागे एकदा एक लेबल बदलायचं राहिलं, तर एका निवृत्त मास्तरीणबाईंनी पाटीवर बोट ठेवून जुन्याच भावाने साबण नेला होता. फरक कापला गेला तो लेबलबाईच्या पगारातून. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

तिने नवे ताव घडी करून खिशात घातले. खरवडणी बादलीत टाकली. आणि मग पाचही रांगांत फक्त पांढरी लेबलं सोलत गेली. पिवळ्याला तिने बोट लावलं नाही. एका जागी एकच लेबल, अगदी स्वच्छ. अकरा वर्षांत इतकं भराभर काम तिने कधी केलं नव्हतं. एका तेलाच्या जागी मात्र मोकळी पट्टी होती, त्या दिवशी उचकटलेली. तिथे तिने खिशातल्या रिकाम्या लेबलावर स्वतःच्या हाताने लिहिलं, एकशे वीस.

दुकान उघडलं. पहिल्या आल्या त्या मास्तरीणबाईच. चष्मा वर, चष्मा खाली, दोनदा. मग त्यांनी एक नाही, सहा साबण उचलले. गल्ल्यावर यंत्राने एका साबणाचे छत्तीस म्हटलं, बाईंनी पाटीवर बोट ठेवलं. गल्ल्यावरची मुलगी गोंधळली, मग तिने तीस तीसच लावले. मागच्याने मान लांब करून फळी पाहिली. अर्ध्या तासात निम्मी गल्ली दुकानात होती. कुणी भांडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. सगळे टोपल्या भरत होते आणि पाटी एकमेकांना वाचून दाखवत होते.

लेबलबाईही टोपली भरत होती. काल पगार झाला होता. तिने महिन्याचं सगळं घेतलं, तेल, तांदूळ, पीठ, साखर, चहा, साबण. आकडेमोड करायची गरजच नव्हती, गेल्या वर्षीचा भाव तिच्या बोटांना पाठ होता. वर्षभरात पहिल्यांदा पगार पुरून उरला. तीन टक्क्यांत तसंही जावेच्याच दारात जायचं होतं. मग निदान भरल्या पिशव्यांनी जाऊ, तिच्या पिठातली चिमूटही मागणार नाही, असं तिने तांदळाच्या फळीपाशीच ठरवून टाकलं होतं.

साहेब धावत आला तेव्हा ती रांगेत तिसरी होती.

"काय केलंत हे? काय केलंत! लोकांना थांबवा, ताबडतोब!"

"आम्ही कशाला थांबू? पाटी तुमची, भाव तुमचा," दुसऱ्यांदा रांगेत लागलेल्या मास्तरीणबाई मागे वळून म्हणाल्या. रांगेतून चारपाच जण हसले.

"नियम चौदा," लेबलबाई म्हणाली. "एका जागी एकच लेबल. मोजून घ्या."

"तुम्हाला काढलं! आत्ता, ह्या क्षणाला! वाढ नाही, काही नाही, उद्यापासून तोंड दाखवू नका!"

"कळलं." तिने कमरेला बांधलेली लेबलांची पेटी सोडून त्याच्या हातात दिली. खिशातले नवे तावही वर ठेवले. "शिकवलंय तुला मी. कड नीट दाब."

तो तसाच उभा राहिला, हातात पेटी, गळ्यात टाय. रांग पुढे सरकली. मग त्याने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, आणि तिच्या कानाशी वाकला. आवाज एकदम खाली आला होता, टेप्याचा जुना आवाज.

"ताई... पावडरीचं लेबलही पिवळंच आहे का गं? आणि डबे उरलेत?"

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. टोपली पायाने पुढे ढकलली.

"बघा जाऊन," ती म्हणाली. "आणि मागून रांगेत लागा, साहेब."