भूमितीत कच्ची

"तुमची मुलगी कशी आहे? आता तेवीस वर्षांची असेल, नाही?"

गाडी हॉटेलच्या फाटकातून जेमतेम बाहेर पडली होती, तोच मागच्या सीटवरून पाहुण्या बाईंनी हा प्रश्न टाकला. पुढे बसलेल्या गाईडनं बाईंकडे पाहिलंच नाही, पाहिलं ते शेजारी बसलेल्या ड्रायव्हरकडे. ड्रायव्हर त्याच्याच गल्लीतला, तीस वर्षांपासूनचा शेजारी. गाईडच्या घरात मुलगी नाही हे त्याला ठाऊक होतं. अठरा वर्षांपूर्वी, पाच वर्षांची असताना, तीन दिवसांच्या तापात ती गेली होती, आणि तिला दवाखान्यात नेलं होतं ते याच ड्रायव्हरनं. ड्रायव्हरचे हात स्टिअरिंगवर होते तसेच राहिले. फक्त आरशात त्याचे डोळे एकदा वर आले आणि पुन्हा रस्त्यावर गेले.

"बरी आहे," गाईड म्हणाला.

त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेत त्यानं एक दिवसही शिकवलं नव्हतं, पण बोलताना तर्जनी वर करायची सवय होती आणि पाहुण्याचं लक्ष उडालं की तो मध्येच थांबून वाट बघत उभा राहायचा. तेवढ्यावर हे नाव चिकटलं. जुन्या राजधानीचे दगडी अवशेष दाखवायचे, हे त्याचं एकोणतीस वर्षांचं काम. त्यातही तो खासगी फेऱ्याच घ्यायचा. एक गाडी, एक किंवा दोन पाहुणे, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. घोळक्यापुढे छत्री उंच धरून ओरडत चालणं त्याला जमण्यासारखं नव्हतं.

कुठल्या दगडापाशी पाहुणा काय विचारणार हे मास्तरांना पाठ होतं. तळ्याच्या दरवाजाशी विचारणार, पाण्यात मगरी आहेत का. खांबांच्या दालनात, हे सगळं हातानं कोरलं का. आणि टेकडीच्या एकशे बारा पायऱ्या चढून झाल्या की वरच्या दगडी बाकावर टेकून, घाम पुसत, ठरलेला प्रश्न यायचा: तुम्हाला मुलं किती? माणसाला दम लागला की त्याला दुसऱ्याच्या संसाराची चौकशी सुचते, असं मास्तरांचं मत होतं.

मुलगी गेल्यावर पंधरा दिवसांनी ते कामावर आले, त्या पहिल्याच दिवशी बाकावर हा प्रश्न आला. खरं सांगितलं तर पाहुण्याचा दिवस नासेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. पण खरं कारण ते नव्हतं. ती गेली असं म्हणायला त्यांची जीभच रेटेना. "एक मुलगी आहे," ते म्हणाले. "यंदा पहिलीत जाईल."

आणि ती गेली पहिलीत. मग दुसरीत. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, पण मास्तर रेटून बोलत नसत. ते जपून बोलत. वर्षाला एकच वर्ष वाढवायचं, हा त्यांचा नियम होता. तिला कधी पहिला नंबर दिला नाही. तिला गोवर झाला, एकदा सायकलवरून पडून कोपर फुटलं, आणि गणितात तिचं घोडं कायम पेंड खात राहिलं. आज त्या बाकावर बसलेल्या माणसाला सांगितलेलं उद्याच्या माणसाला सांगितलेल्याशी जुळायचंच. कारण मास्तरांच्या दृष्टीनं ते आता बनवलेलं राहिलं नव्हतं.

घरात मात्र अळीमिळी गुपचिळी. बायकोनं आठवड्याभरात मुलीचे कपडे बांधून देऊन टाकले होते आणि शाळांचे युनिफॉर्म शिवायला घेतले होते. सकाळी मशीन सुरू झालं की दिवे लागेपर्यंत थांबत नसे. ती विषय काढत नाही म्हणजे तिला सोसत नसणार, असं समजून मास्तरही काढत नसत. अठरा वर्षांत ती दोघं मुलीबद्दल एक वाक्यही बोलली नव्हती.

या बाई अकरा वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर आल्या होत्या. नवरा निवृत्त गणित शिक्षक. मास्तरांची बारा वर्षांची मुलगी भूमितीत कच्ची आहे हे कळल्यावर तो गृहस्थ बाकावरून उठून खाली मातीत बसला होता. पिशवीची दोरी आणि काटकी घेऊन त्यानं वर्तुळ काढलं, कोन दुभागून दाखवला आणि म्हणाला होता, "हे असं सांगा तिला. घाबरायचं नाही म्हणावं." मास्तरांनी घरी जाऊन पाठकोऱ्या कागदावर ते सगळं काढून पाहिलं होतं. त्यांना पहिल्यांदाच कोन दुभागता आला, आणि तो कुणाला दाखवावा हे कळेना.

आता बाई एकट्या आल्या होत्या. नवरा गेल्या वर्षी वारला, हे त्यांनी तळ्यापाशीच सांगितलं. मग पिशवीतून रुमालात बांधलेली एक चपटी पेटी काढून दाखवली. ती त्यांच्या नवऱ्याची पितळी कंपासपेटी होती. मास्तरांच्या मुलीला द्यायची असं तो सांगून गेला होता. "म्हणजे आज तिला भेटूनच जाईन," बाई म्हणाल्या. मास्तर म्हणाले, ती नोकरीला लागली आहे, उशिरा येते. मग आईच्या हाती देईन, असं म्हणून बाईंनी पेटी पुन्हा बांधली. एवढ्या लांबून आलेल्या बाईला घरी येऊ नका म्हणायला मास्तरांना कारण सापडेना.

खांबांच्या दालनात त्या दिवशी मास्तर दोनदा चुकले. एकदा राजाच्या जागी त्याच्या बापाचं नाव घेतलं. दमट उकाड्यानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. बायकोला कळणार. आपण अठरा वर्षं मेलेल्या मुलीच्या गोष्टी परक्यांना सांगत फिरलो, हे तिला कळणार, आणि वर ते एका परक्या बाईच्या तोंडून कळणार. त्यांनी घरी दोनदा फोन लावला. मशीनच्या आवाजात तिला फोन कधी ऐकू येत नसे, तसा आजही आला नाही. तिनं उचलला असता तरी काय सांगणार होते, हा प्रश्न होताच.

बाई पाण्याची बाटली घ्यायला दुकानात गेल्या तेव्हा ड्रायव्हर गाडीतून उतरून जवळ आला. बराच वेळ तो टायरकडे बघत उभा होता.

"मास्तर, मी काही बोलणार नाही," तो म्हणाला. "पण वहिनींचं काय?"

मास्तरांनी ठरवलं, बाकावर सांगून टाकायचं. जिथं सुरू झालं तिथंच संपवायचं.

एकशे बारा पायऱ्या चढायला बाईंना अर्धा तास लागला. बाकावर बसून त्यांनी श्वास सावरला. खाली शेवाळलेल्या भिंती आणि ताडांच्या पलीकडे तळं दिसत होतं. मास्तरांनी घसा खाकरला. "बाई, माझ्या मुलीबद्दल तुम्हाला एक सांगायचंय."

"आधी मी सांगते," बाई म्हणाल्या. नवऱ्याला शेवटी शेवटी काही आठवत नसे, हे त्यांनी सांगितलं. स्वतःचं घर आठवत नसे, बायकोचं नावही. पण आठवड्यातून एकदा तरी तो विचारायचा, त्या गाईडच्या मुलीची दहावी झाली का. "मी सांगायचे, झाली, पास झाली. मग ते शांत झोपायचे. मला काय माहीत होतं? ठोकून द्यायचे मी." बाईंनी मास्तरांकडे पाहिलं. "झाली ना हो ती पास?"

मास्तर तळ्याकडे बघत राहिले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते बाईंना दिसू नये एवढीच त्यांची धडपड होती.

"झाली," ते म्हणाले. "भूमितीत काठावर."

साडेचारला गाडी त्यांच्या गल्लीत शिरली. दार उघडंच होतं. खिडकीपाशी मशीन, शेजारी निळ्या फ्रॉकांचा ढीग, आणि बायको मान खाली घालून बाही जोडत होती. मास्तरांना तोंड उघडायला वेळच मिळाला नाही. बाईंनी आत येऊन, उभ्या उभ्याच, मनात घोकून आणलेलं सगळं बोलून टाकलं. अकरा वर्षांपूर्वी तुमच्या यजमानांनी सांगितलं होतं, मुलगी भूमितीत कच्ची आहे. माझ्या नवऱ्यानं ही पेटी तिच्यासाठी ठेवली होती. आता तिला उपयोग नसेल, पण तिला द्या.

मशीनवरचा पाय थांबला.

बायकोनं मास्तरांकडे पाहिलं. ते दारातच उभे होते, शर्टावरचा गाईडचा बिल्ला चाचपत, आणि त्यांना जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. ड्रायव्हर गाडीतून उतरलाच नव्हता. बायकोनं दोरा दातांनी तोडला, हात पदराला पुसले आणि उठून दोन्ही हातांनी पेटी घेतली.

"ती कामावर गेलीय," ती म्हणाली. "मी देईन तिला. सांगेन कुणी दिली ते."

"उंच झाली असेल आता," बाई म्हणाल्या.

"माझ्यापेक्षा चार बोटं जास्त." बायकोनं क्षणाचाही विचार केला नाही. "ह्यांच्यावर गेलीय. खांदेही तसेच रुंद. कापड जास्त लागतं तिला."

मास्तरांनी मुलीची उंची कधी ठरवलीच नव्हती. चार बोटं त्यांच्या हिशेबात नव्हती.

बाईंनी पाणी घेतलं, बायकोचा हात थोडा वेळ धरून ठेवला आणि निघाल्या. ड्रायव्हर त्यांना हॉटेलवर सोडायला गेला. गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला जाऊन विरला तरी मास्तर दारातून आत आले नव्हते. बायको मशीनपाशी परत बसली होती, पण पाय पायडलवर नव्हता. तिनं पेटी उघडली, कर्कटक काढून पाहिलं आणि पुन्हा खाचेत ठेवलं.

"नोकरी कुठं करते ती?" तिनं विचारलं.

"बालवाडीत शिकवते," मास्तर म्हणाले. "वर्ष झालं."

"किती जणांना माहीत आहे?"

"मोजले नाहीत. रोज कुणी ना कुणी विचारतं."

मास्तरांना वाटलं, आता बायको रडेल किंवा तोंडात येईल ते बोलेल, आणि काहीही बोलली तरी ते आपण ऐकून घ्यायचं. पण ती वर बघून अगदी हळू बोलली.

"अठरा वर्षं तुम्ही तिला परक्या माणसांत वाढवलंत. माझ्या घरी एकदाही नाही आणलीत."

आपण दुःख लपवतोय असं मास्तरांना वाटत होतं. आपण मुलगी लपवतोय हे त्यांच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

"मी इथं बसून दर जूनला मापं घेते," ती म्हणाली. "सहा वर्षांची, सात वर्षांची, दहा वर्षांची. दुसऱ्यांच्या मुलींना उभं करून टेप लावते आणि मनात म्हणते, हिला एवढंच लागलं असतं. मला वाटायचं, घरात एकटी मीच तिला धरून बसलेय. तुम्ही विसरलात."

तिनं पायानं स्टूल पुढे सरकवलं. मास्तर येऊन बसले. बिल्ला काढून त्यांनी मशीनच्या फळीवर कंपासपेटीशेजारी ठेवला.

"पहिलीपासून सांगा," ती म्हणाली.

एकोणतीस वर्षं तोंड चालवून पोट भरलेल्या माणसाला सुरुवात सापडेना. ते निळ्या फ्रॉकांकडे बघत राहिले.

"पहिल्या दिवशी रडली नाही ती," शेवटी ते म्हणाले. "फाटकापाशी माझा हात सोडला आणि पळाली."

"युनिफॉर्म कुणी शिवला होता?"

"तूच. घोट्यापर्यंत येत होता. सगळे हसले."

बायकोनं ढिगातला सगळ्यात लहान फ्रॉक उचलून मांडीवर घेतला आणि त्याची खालची दुमड दोन बोटांत धरली.

"दुमडीत कापड ठेवलं असणार मी," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी उसवून सोडायला."