पारव्यासाठी निवडलेली लेन्स

थोरलीच्या स्टुडिओत लेन्सनासुद्धा नावं होती. पस्तीस मिलिमीटरची ती नाकाडी, कारण तिनं जवळून फोटो काढला की भल्याभल्यांचं नाक चेहऱ्याच्या पुढं धावायचं. खोली लहान आणि खानदान मोठं असलं, की मात्र नाकाडीशिवाय भागायचं नाही. पंच्याऐंशीची ती शहाणी. चेहरे काढायचे ते तिनंच. आणि चारशेची ती लांबडी. शाळांच्या मैदानी स्पर्धांसाठी घेतलेली, हातात धरली की मनगट भरून यायचं, त्यामुळे बिचारी बहुतेक वर्षभर कपाटातच झोपून असायची.

एखादं चौकस गिऱ्हाईक विचारायचं, "फोटो तो फोटो, त्याला एवढ्या लेन्स कशाला हो?" मग थोरलीला चेव यायचा.

"लेन्स निवडायची म्हणजे आपण कुठं उभं राहायचं ते ठरवायचं," ती सांगायची. "शहाणी लावली की माणसापासून चार पावलांवर उभं राहावं लागतं. तेवढ्यावरून त्याच्याशी बोलता येतं. आणि त्याला नको वाटलं, तर त्याला तसं सांगताही येतं."

गिऱ्हाईक मान डोलवायचं आणि पासपोर्टचे फोटो किती वेळात मिळतील ते विचारायचं. गाढवाला गुळाची चव काय! पण थोरली मात्र हे सगळं मनापासून बोलायची. तिच्या घरात एक माणूस असं होतं, की ज्यानं तिला खरोखरच नको म्हणून सांगितलं होतं.

ती म्हणजे आई. आई उमेदीच्या काळात कापडाच्या मोठ्या दुकानात काउंटरवर उभी असायची. तिचं हसू बघून माणसं रुमाल घ्यायला यायची आणि पडद्यांचं कापड घेऊन जायची, असं मालकच सांगायचा. मग एका सकाळी चहा पिताना तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळला आणि तिला ते कळलंच नाही. दवाखाना झाला, औषधं झाली, हातपाय पुन्हा चालू लागले. पण चेहऱ्याची डावी बाजू उतरली ती उतरलीच. घरी आल्यावर आईनं पहिलं काम केलं ते आरसा भिंतीकडं फिरवून ठेवायचं. दुसरं म्हणजे थोरलीला समोर बसवलं.

"या तोंडाचा फोटो काढायचा नाही. तू नाही, कुणीच नाही. माझ्यामागं लावायचा झाला तर जुना लावा."

"नाही काढणार," थोरली म्हणाली.

बोलून गेली खरी, पण ते पाळणं म्हणजे रोजची परीक्षा होती. दुपारी आई खिडकीपाशी खुर्ची घेऊन बसायची, उजेड तिच्या गालावर यायचा, आणि पावाचे तुकडे टिपायला येणाऱ्या पारव्याशी ती तोंडातल्या तोंडात भांडायची. त्या अर्ध्या हसण्यात असं काही होतं, की थोरलीचे हात शिवशिवायचे. चांगलं चित्र समोर असताना हात बांधून बसणं काय असतं, ते फोटो काढणाऱ्यालाच विचारावं. पण शब्द म्हणजे शब्द. कामावरून परतताना कॅमेरा गळ्यात असला, की ती उंबऱ्यावरच लेन्सला झाकण लावायची. टक् असा आवाज व्हायचा.

"झाकण लावलं का गं?" आई आतून विचारायची.

"लावलं, लावलं!"

"मग ये आत."

पुढं पुढं त्याची दोघींत थट्टाच झाली. थोरली हातात नुसती भाजीची पिशवी घेऊन आली, तरी आई झाकणाचं विचारायची आणि थोरली तोंडानंच टक् असा आवाज काढायची.

स्टुडिओ घराच्या अगदी समोर होता. मधे अरुंद रस्ता आणि वरच्या मजल्यावर समोरासमोर दोन खिडक्या, एक आईची आणि एक स्टुडिओच्या मागच्या खोलीची. थोरलीची सावली पलीकडच्या काचेआड हलली, की आई हात वर करायची. लांबचं तिला धड दिसत नव्हतं, पण त्या खिडकीत दुसरं कोण असणार?

धाकटा भाऊ आईचा लाडका. बोलायला गोड, हसवण्यात पटाईत, आणि कुठल्याच कामात जीव न रमणारा. विम्याचं करून झालं, शिकवण्या घेऊन झाल्या, आणि आता त्यानं फोटोग्राफीचं मनावर घेतलं होतं. थोरलीला मनातून बरंच वाटलं. आपल्याजवळ होतं तेवढं सगळं तिनं त्याला हातचं न राखता शिकवायला घेतलं.

"ताई, मला पक्ष्यांचे फोटो काढायचेत," एकदा तो म्हणाला. "पक्षी रस्त्याच्या पलीकडं बसला असेल, तर कुठली लेन्स लावू?"

"शहाणीचं काम नाही ते. लांबडी लाव." तिनं कपाटातून लांबडी काढली, कॅमेऱ्याला जोडली आणि त्याला मागच्या खोलीच्या खिडकीपाशी नेलं. "तो बघ, आईच्या खिडकीत पारवा बसलाय. कोपर चौकटीवर टेकव, म्हणजे हात हलणार नाही. खोलीतला दिवा घालव, म्हणजे काचेत आपलं प्रतिबिंब येत नाही. आणि नेम डोळ्यावर धरायचा. डोळा साधला की सगळं साधलं."

धाकट्यानं लेन्समधून बघितलं आणि बराच वेळ बघत राहिला.

"काय स्पष्ट दिसतंय गं!"

"चोच दिसते ना?"

"सगळंच दिसतंय," धाकटा म्हणाला.

थोरलीला त्याचं कौतुक वाटलं. स्टुडिओची जादा किल्लीही तिनंच त्याला देऊन ठेवली होती, ती बाहेरच्या कामाला गेली की दुकान उघडं राहावं म्हणून.

काही महिन्यांनी गावातल्या फोटोंच्या प्रदर्शनात धाकट्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं. कुठल्या फोटोला, ते त्यानं सांगितलं नव्हतं. "येऊन बघ, चकित होशील," एवढंच म्हणाला होता. थोरली नवी चप्पल घालून गेली. पारवा असेल, असंच तिच्या डोक्यात होतं.

दालनात शिरल्या शिरल्या समोरच्या भिंतीवर आई होती.

माणसाच्या उंचीचा फोटो. हातात चहाचा कप, हनुवटीखाली धरलेला रुमाल, उतरलेला डावा ओठ, त्या ओठाच्या कडेला थेंब. आणि डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. आई हसत होती. पारव्याशी भांडतानाचं ते हसू नव्हतं, तर पूर्ण ओळखीचं, आपल्या माणसाकडं बघतानाचं होतं. खाली चिठ्ठी होती, 'आई'.

बक्षीस देणारे गृहस्थ माईकवरून सांगत होते, "एवढा विश्वास! ही माऊली आपलं दुखणं लेकासमोर उघडं करून बसली आहे. लेक तिच्या किती जवळ आहे बघा."

थोरलीनं बघितलं. लेक जवळ नव्हताच. आईच्या खुर्चीमागं, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला जे फडताळ आहे, ते फोटोत आईच्या कानाला चिकटल्यासारखं मोठं दिसत होतं. चार पावलांवर उभं राहून काढलेल्या फोटोत ते तसं कधीच आलं नसतं. हे लांबडीचं काम होतं. फोटोच्या एका कडेला अंधुक काळी पट्टी होती, ती स्टुडिओच्या खिडकीची चौकट. आणि नेम बरोबर डोळ्यावर धरलेला. दिवा घालवलेला, कोपर टेकवलेलं. एकही चूक नाही.

मग तिला ते हसू कळलं. समोरच्या काचेआड सावली हलली असणार. थोरली तेव्हा कुठंतरी शाळेच्या पोरांना उंचीप्रमाणं रांगेत उभं करत असणार. आणि इकडं आई सावलीकडं बघून हसली. ते हसू थोरलीसाठी होतं. तिच्या वाटणीचं ते हसू दुसऱ्यानंच उचलून नेलं होतं आणि भिंतीवर टांगलं होतं.

तिला राग आला, आणि खरं सांगायचं तर हेवाही वाटला. हा फोटो तिला काढायचा होता. रोज दुपारी तिनं तो मनात काढला होता आणि रोज सोडून दिला होता.

तिनं धाकट्याला दंडाला धरून जिन्याखाली नेलं.

"आईनं काय सांगितलं होतं?"

"अगं ताई, फोटो बघ ना आधी! लोक रडतायत फोटोसमोर."

"आईनं काय सांगितलं होतं, ते विचारतेय मी."

"तिला कोण सांगायला जातंय? ती घराबाहेर पडते का कधी? आणि मी काय तिची बदनामी केलीय? सुंदर दिसतेय ती." त्यानं दंड सोडवून घेतला. "तुला जमलं नाही म्हणून इतरांनी काढूच नये की काय?"

चोर तो चोर आणि वर शिरजोर! कानाखाली एक वाजवावी, असं थोरलीला वाटलं. पण वरून लोक उतरत होते आणि दोघांकडं कौतुकानं बघत होते. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

"उद्याच्या उद्या जाऊन तिला सांग," ती म्हणाली. "तुझ्या तोंडानं सांग. नाहीतर मी सांगेन."

"सांगतो," धाकटा म्हणाला. एवढ्या पटकन कबूल झाला, तिथंच तिनं शहाणं व्हायला हवं होतं.

त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी थोरली स्टुडिओत एका जोडप्याला नीट उभं करत होती, तेव्हा समोरच्या खिडकीचा पडदा ओढला गेला. भर दुपारी. कठड्यावर पारवा येऊन बसला आणि थोडा वेळ वाट बघून उडून गेला. थोरलीनं जोडप्याला कसंबसं वाटेला लावलं आणि गळ्यातला कॅमेरा तसाच टेबलावर ठेवून ती घरी धावली.

आईनं खुर्ची भिंतीकडं फिरवून घेतली होती. थोरलीला तिची नुसती पाठ दिसत होती.

"धाकटा येऊन गेला," आई म्हणाली. शब्द तिला जड जायचे, म्हणून ती सावकाश बोलायची. "रडला इथं बसून. माफी मागितली."

"आई, मला खरंच—"

"थांब. मला एवढंच सांग. ती लेन्स कुणाची?"

"माझी."

"त्याला निवडून कुणी दिली? तो म्हणाला, ताईनंच दिली. ताईनंच स्टुडिओच्या खिडकीत उभं करून दाखवलं, कोपर कुठं टेकवायचं, दिवा कसा घालवायचा. माझ्या खिडकीकडं बोट करून दाखवलं म्हणे. खरं का हे?"

केसानं गळा कापणं म्हणतात, ते हेच. धाकट्यानं एक शब्द खोटा सांगितला नव्हता.

"खरं आहे," थोरली म्हणाली. "पण मी पारव्यासाठी सांगितलं होतं गं."

बोलताना तिचं तिलाच ते लंगडं वाटलं.

"पारव्यासाठी," आई म्हणाली. "रस्त्याकडच्या बाकी सगळ्या खिडक्यांचे पडदे मी ओढून घेते. तुझ्या खिडकीसमोरचा तेवढा ओढत नव्हते. काचेआड कुणी हललं, तर मला वाटलं, तू आहेस. हसले मी."

"मी नव्हते, आई. तेव्हा मी नव्हतेच तिथं."

"हं," आई म्हणाली. पटल्याचं नव्हतं ते आणि न पटल्याचंही नव्हतं.

थोरली तिच्या समोर जाऊन बसणार होती, गुडघ्यावर हात ठेवून सगळं पहिल्यापासून सांगणार होती. तिनं एक पाऊल पुढं टाकलं. त्याबरोबर आईनं रुमाल उचलला आणि डाव्या गालावर धरला. घरात, लेकीसमोर, पहिल्यांदाच.

"झाकण लावलंस का?" तिनं विचारलं.

थोरलीनं दोन्ही रिकामे हात पुढं केले, पण बघायला आई वळलीच नाही.

"मी कॅमेरा आणलेलाच नाही, आई."

"असं होय," आई म्हणाली. रुमाल तिनं खाली घेतला नाही.