‘सेट’ची चौसष्ट वाक्यं

चौसष्ट वाक्यं होती. प्रत्येकात ‘सेट’ हे इंग्रजी क्रियापद एकदाच होतं, आणि ती मराठीत आणताना मी एकोणतीस वेगवेगळी क्रियापदं वापरली होती. सूर्य मावळला, दही लागलं, भाव ठरवला, कुत्रं अंगावर सोडलं, आंब्याला फळ धरलं. ‘लावणे’ सर्वांत जास्त, नऊ वेळा. ‘सेट केलं’ एकदाही नाही.

फोनवरचा शब्दकोश बनवणाऱ्या एका कंपनीची ही चाचणी होती. नव्वद टक्के पडले तर शेणव्यात, घरी बसून काम. नाही तर एक ऑगस्टपासून मुरबाडच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत पाळी, आणि तिथेच खोली करून राहायचं. रसायनशास्त्राच्या बीएस्सीला ती नोकरी वाईट नव्हती. पण आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, भाताची निम्म्याहून जास्त रोपं अजून राबाच्या वाफ्यातच होती, आणि प्रणयदादा सोमवार ते शनिवार किन्हवलीच्या मोबाइल दुकानात.

शनिवारी निकाल आला. ५७ गुण, ८९.०६ टक्के. दोन दशांश स्थळांपुढचं कापतात, वर ओढत नाहीत. चुकलेल्या सातपैकी एकाच उत्तरावर हरकत घेता येणार होती, तीही रविवार संपेपर्यंत. पूर्ण मान्य झाली तर एक गुण, अंशतः मान्य झाली तर अर्धा. एक गुण म्हणजे ९०.६२.

सातांत कुठलं निवडावं ते ठरेना. बांधावरच्या आंब्याखाली रेंज येते, म्हणून तिथे उभी राहून सातही पुन्हा वाचली. घरी आले. परत आंब्याखाली गेले. शेवटी दोन उरली. एकात सहा आठवड्यांत हाड ‘सेट’ होणार होतं. मी ‘बसेल’ लिहिलं होतं.

शेजारची धोंडीबाई गुरांची आणि माणसांची हाडं बसवते. आईचा हात बघायला ती आली होती. तिला विचारलं.

“हाड बसवायला काय गो, एक हिसका,” ती म्हणाली. “पन बसलं म्हंजी झालं नाय. मंग ते धरतं. दीड मयना. तवर आयशीला सांग, हात हालवू नको.”

“मी कुठं हालवते?” म्हणत आईने झाडूची काडी प्लास्टरच्या आत घालून खाजवलं.

म्हणजे हाडाचं माझं उत्तर चुकलंच होतं. ते सोडलं.

राहिलं भाताचं. बायका रोपं चिखलात ‘सेट’ करतात, असं वाक्य होतं. मी लिहिलं होतं, ‘बायका भाताची आवणी करतात’. त्यांच्याकडचं उत्तर ‘लावणी’. हरकतीच्या फॉर्मवर प्रश्न होता : हा शब्द तुमच्या भागात कोण वापरतं? सगळे, बहुतेक, की काही? माझ्या मते सगळेच. पण मोजलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी निघाले. तो शब्द आपण उच्चारायचा नाही, एवढा एकच नियम ठेवला. वाकलेल्या बायकांकडे बोट दाखवून विचारायचं, काय चाललंय?

“डोले गेले काय गो तुजे? आवणी चाललीय!”

“शिकून शिकून येडी झाली पोर.”

“उतर खाली, मंग कळंल काय चाललंय!”

चार शेतांत गेले, आणि प्रत्येक ठिकाणी मूठभर रोपं रोवून दिल्याशिवाय त्यांनी सोडलं नाही. कागद चिखलात टिकेना, म्हणून मनगटावर बॉलपेनने खुणा केल्या, आवणी डावीकडे, लावणी उजवीकडे. सुरुवातीला सगळ्या डावीकडेच पडल्या. मग शाळा-कॉलेजची मुलं भेटत गेली. परत आले तेव्हा दादा आमच्या बांधावर उभा राहून फोनवर बोलत होता, “नंतर येतो रे भावेश, घरची लावणी चाललीय.” मी उजवीकडे एक खूण केली.

एकूण तेवीस जण. आवणी पंधरा, लावणी आठ. तिशीच्या आतले नऊ, त्यांतले सात ‘लावणी’वाले.

“तू मला लावणीत टाकलंस?” दादा माझं मनगट धरून मोजत होता.

“तूच बोललास.”

“फोनवर बोललो! भावेश कल्याणचा, त्याला आवणी काय कळणार? माझी खूण इकडं घे.”

“नाय.”

“मग आकडाच नको देऊस. ‘सगळे’वर बोट ठेव नि मोकळी हो. शेणव्यात कोण येतंय मोजायला?”

“ठेव गो,” आई म्हणाली. “आमी सगली आवणीच बोलतो. जी बोलत नाय ती चिखलात उतरत नाय.”

“माझ्याकडं बघून काय बोलतेस?”

“तू गेलीस तर राब कोण उपटील?” आई मला म्हणाली. “ह्यो?”

मी फोन घेऊन आंब्याखाली गेले. अंगठा ‘सगळे’वर नेला, उचलला. फोन पिशवीत घातला. घराकडे दहा पावलं आले, परत गेले. पुन्हा फोन काढला तेव्हा मनगट दिसलं. घामाने काही खुणा पसरल्या होत्या, पण उजवीकडच्या आठ अजून वाचता येत होत्या.

‘बहुतेक’ दाबलं. खाली लिहिलं : शेणवा, १९ जुलै. मोजलेले २३. आवणी १५, लावणी ८. पाठवलं.

घरी सांगितल्यावर आई म्हणाली, “बरं,” आणि डाव्या हाताने भाकरी उलटायला लागली.

उत्तराला दोन दिवस लागणार होते. ते दोन्ही दिवस मी शेतातच होते. दर वेळी बांधावर येऊन, हात पुसून, पिशवीतून फोन काढायचा आणि परत ठेवायचा. माझ्या ओळी वाकड्या जाताहेत म्हणून धोंडीबाईने दोनदा ओरडून सांगितलं.

मंगळवारी चार वाजून दहा मिनिटांनी उत्तर आलं. ‘आवणी’ हा शब्द ग्राह्य, पण परिसरात एकमेव नाही. हरकत अंशतः मान्य.

अंतिम गुण ५७.५. टक्केवारी ८९.८४.