गौदेन्सियाने मागितलेला कायदा

कझिरू बंदरावर कायदा आणा, असं सांगायला गौदेन्सिया स्वतःच्या पायांनी राजधानीला गेली होती. ती आमच्या बंदर समितीची निवडून आलेली अध्यक्ष. तिच्या शेजारच्या भट्टीवर मी मासे धुरावत असे. त्या दिवसांत आमच्या दोघींच्या भट्ट्या बहुतेक थंडच असायच्या. नालुबाले सरोवर रिकामं होत चाललं होतं. पूर्वी जाळ्यात माणसाच्या मांडीएवढा एंपुटा मासा सहज यायचा. आता तळहातावर मावतील अशी त्याची पिल्लं यायची, आणि तीच आम्ही धुरावून विकत होतो.

सगळ्यात घाण उद्योग देझिदेरोचा. त्याची जाळी मच्छरदाणीसारखी बारीक छिद्रांची. किनाऱ्यालगत मासे जिथे अंडी घालतात, तिथेच तो ती ओढायचा. गौदेन्सिया त्याला चारचौघांत बोलायची.

"तू मासे धरत नाहीस देझिदेरो, त्यांचा वंश बुडवतोस."

"माझ्या तीन बायकांना तू पोसणार का?" तो म्हणायचा. "तुला तर एक नवरा सांभाळता आला नाही, अध्यक्षबाई."

तिचा नवरा पैलतीरावरच्या एका खाणावळवालीकडे राहायला गेला होता, हे अख्ख्या बंदराला ठाऊक होतं. लोक हसायचे. गौदेन्सियाही त्यांच्याबरोबर हसायची आणि पुन्हा बोलायची.

तिला मूलबाळ नव्हतं, पण धाकटा भाऊ होता, मातिया. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवला. त्याचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला, त्यामुळे खोल पाण्यात, मोठ्या होडीवर तोल सांभाळून जाळं ओढणं त्याला जमत नसे. त्याने फळ्या जोडून स्वतःपुरतं एक होडकं केलं होतं. त्यात बसून तो पाणगवताच्या कडेकडेने जायचा आणि गळ टाकून चार मासे आणायचा. बाकीचा वेळ गाणी म्हणायचा. आवाज गोड होता. चर्चमध्ये पहिली ओळ नेहमी तोच उचलायचा.

राजधानीतल्या सभेत गौदेन्सिया फार बोलली नाही. "साहेब," ती म्हणाली, "आम्ही देझिदेरोला ओरडतो आणि तो हसतो. ज्याला बघून त्याला हसू येणार नाही, असं कोणीतरी पाठवा." मासेमारी खात्याच्या लोकांनी ते लिहून घेतलं आणि तिच्याशी हात मिळवला.

त्यांनी सैनिक पाठवले.

त्यांचा कप्तान सडपातळ, चष्मा लावणारा, सैन्यात येण्याआधी शाळेत शिकवणारा. आवाज कधी चढला नाही. बायकांना ताई म्हणायचा, म्हाताऱ्यांना बाबा म्हणायचा. पहिल्याच सकाळी त्याने देझिदेरोची सगळी जाळी वाळूवर ओढून पेटवली आणि देझिदेरोला पालथं झोपवून, त्याच्या तिन्ही बायकांसमोर वेताने झोडपलं. आम्ही बायकांनी जिभा वाजवत आरोळ्या दिल्या. इतकं हसू कित्येक महिन्यांत आलं नव्हतं. गौदेन्सियाने सैनिकांसाठी मोठ्या भांड्यात चहा उकळला.

पुढच्या आठवड्यात होड्यांची पाळी आली. नव्या कायद्याप्रमाणे ठरावीक लांबीपेक्षा आखूड होडी पाण्यात चालायची नव्हती, कारण आखूड होड्या किनाऱ्याशी घुटमळतात आणि पिल्लं धरतात. आमच्या बंदरावरच्या होड्या जवळजवळ सगळ्या आखूड. दोन दिवस किनाऱ्यावर धूर होता. पुरुष बघत उभे राहिले. कोणी तोंड उघडलं तर त्यालाच स्वतःच्या होडीवर रॉकेल ओतायला लावायचे.

मातियाने होडकं पाणगवतात दडवलं होतं. पाठीवरचे वळ सुकायच्या आत देझिदेरो जाऊन ती जागा दाखवून आला.

कप्तान गौदेन्सियाच्या भट्टीशी आला तेव्हा मी तिथेच होते. मागे दोन सैनिक होडकं ओढत आणत होते आणि मातिया लंगडत त्यांच्या मागून येत होता.

"ताई, हे तुमच्या भावाचं ना?"

गौदेन्सिया गुडघ्यांवर बसली, आमच्याकडे मान देताना बसतात तशी. "हो साहेब. तो गळाने धरतो, जाळं नाहीच त्याच्याकडे. पायामुळे मोठ्या होडीवर जाता येत नाही. त्याने काय बिघडतंय सरोवराचं?"

"काही नाही," कप्तान म्हणाला. "त्या एकट्याने काहीच बिघडत नाही. पण काल ज्यांच्या होड्या जळल्या तेही हेच म्हणत होते. आता अध्यक्षबाईंच्या भावाची सोडली, तर उद्या मी त्यांना काय सांगू? तुम्हीच सांगा."

गौदेन्सियाने हात पुढे करून होडक्याची कड धरली.

"तुमचं भाषण मला वाचायला दिलं होतं," तो म्हणाला. "ते पटलं म्हणून मी ही नेमणूक मागून घेतली. लोक तुम्हाला मानतात. काडी तुम्ही लावा, म्हणजे बोलायला कोणाला जागा उरणार नाही."

"नाही लावली तर?"

"तर माझी माणसं लावतील. आणि होडी लपवली म्हणून ह्याला वेत बसतील. तुम्ही लावलीत तर वेत नाहीत. हा माझा शब्द."

एव्हाना बंदर गोळा झालं होतं. ज्यांच्या होड्या गेल्या होत्या ते पुढे येऊन उभे होते. त्यांच्यातला एक मोठ्याने म्हणाला, "लाव की. आमच्या जाळणाऱ्यांना चहा पाजलास ना."

मातिया म्हणाला, "ताई, मी वेत खाईन. तू हात लावू नकोस."

त्याच्या पायाकडे आणि सैनिकाच्या हातातल्या वेताकडे बघून तिने काडी ओढली. लाकूड ओलं होतं, पेट घेईना. पुन्हा रॉकेल ओतलं, पुन्हा काडी. तिसऱ्या काडीला पेटलं. कप्तानाने शब्द पाळला, मातियाला कोणी बोट लावलं नाही. त्यानंतर मातिया तिच्याशी बोलायचा बंद झाला. तिच्याच घरात राहायचा, तिने शिजवलेलं खायचा, पण शब्द नाही.

थोड्याच दिवसांत निवडलेल्या समित्या सरकारने रद्द केल्या, कारण त्या लाच खातात असं ठरलं होतं. काही खातही होत्या. आमची खात नव्हती. बंदराचा नवा प्रमुख आता कप्तानच नेमणार होता, आणि लांब होडी व परवाना असलेलाच माणूस त्याला हवा होता. देझिदेरोची पैलतीरावर गुरं होती. ती विकून त्याने दोन लांब होड्या बांधून घेतल्या होत्या. दुसऱ्या कोणाकडे एकही नव्हती. देझिदेरो प्रमुख झाला.

आणि कायद्याने काम केलं, हे सांगितलंच पाहिजे. वर्ष उलटलं आणि एंपुटा परत आला. सुरुवातीला गुडघ्याएवढा, मग मांडीएवढा. पैलतीरावरच्या कारखान्यातून बर्फाच्या होड्या येऊ लागल्या. शाळेवर पत्रे चढले, धक्क्यावर दिवा आला. आमचे पुरुष देझिदेरोच्या होड्यांवर मजुरीला लागले. मोठा मासा थेट बर्फात जायचा, छोटा धरायला बंदी, मग आम्ही धुरावणार काय? भट्ट्या मोडल्या. गौदेन्सिया आणि मी देझिदेरोच्या कोठारात बर्फ फोडायचो. कारखाना मासे सोलून मांस परदेशी पाठवायचा आणि उरलेले सांगाडे, डोक्यासकट, बंदरावर विकायला परत पाठवायचा. ते आम्ही तळून पोशोबरोबर, मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीबरोबर, चोखायचो.

"खा अध्यक्षबाई," देझिदेरो म्हणायचा. "तुझाच कायदा आहे, चाटून खा."

मातियाला मजुरीवर कोणी घेतलं नाही. एके दिवशी सकाळी तो रिकामे डबे आणि केळीचे खुंट बांधून केलेल्या तराफ्यावर पाणगवतात गेला. परत येताना सैनिकांच्या होडीने त्याला धरलं. टोपलीत बोटभर लांबीचे मासे होते, ओंजळभर.

कप्तानाने त्याला धक्क्यावर बसवलं आणि आम्हा सगळ्यांना बोलावलं. "होडी नाही, जाळं नाही, जाळायला काहीच नाही," तो शांतपणे म्हणाला. "मग ह्याला काय शिक्षा देऊ? भूक लागली म्हणून गेला, असं म्हणतो. ठीक आहे. खाऊ दे त्याला."

मातियाला ते मासे कच्चे खायला लावले. काटे, खवले, सगळं. दोन सैनिक दोन बाजूंना उभे. पहिला मासा त्याने चावला तेव्हा मागे कोणीतरी हसलं, आणि मग आणखी काही जण हसले. ज्यांच्या होड्या जळल्या होत्या तेच. ते मातियाला हसत नव्हते, त्याच्या बहिणीकडे बघून हसत होते. गौदेन्सिया पुढे गेली आणि कप्तानाच्या पायांशी आडवी पडली. त्याने तिला हाताला धरून उठवलं, कपड्यांची वाळू झटकली आणि म्हणाला, "ताई, थोडेच राहिलेत."

शेवटून दुसऱ्या माशाला काटा घशात रुतला. मातियाच्या तोंडातून रक्त आलं, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. तेव्हा कप्तानाने क्षणभरही वेळ घालवला नाही. स्वतः त्याला उचलून आपल्या वेगवान होडीत घातलं, स्वतः इंजिन चालवलं आणि पैलतीरावरच्या इस्पितळात पोहोचवलं. दोन रात्री बाहेरच्या बाकावर बसून राहिला. गौदेन्सियाला भाकरी आणि चहा आणून देत होता. डॉक्टरांनी मातियाचा गळा कापून नळी बसवली. तो जगला. महिन्याने नळी काढली, पण आवाज परत आला नाही. आता तो कुजबुजतो, आणि तेही कान तोंडाजवळ नेला तरच कळतं.

"शिक्षा वेगळी आणि माणूस वेगळा," कप्तान गौदेन्सियाला म्हणाला. त्याला हे मनापासून वाटत होतं. त्यामुळेच त्याच्यावर थुंकतासुद्धा येत नव्हतं, असं तिने मला सांगितलं.

त्यानंतर राजधानीहून बोलावणं आलं. ह्या सुधारणेला पैसा पुरवणारे परदेशी पाहुणे येणार होते आणि कझिरूची हकिगत कझिरूच्या बाईने सांगावी अशी खात्याची इच्छा होती. मी म्हटलं, "जाऊ नकोस." ती म्हणाली, "जाणार. सगळं सांगणार. मागितलं मी, तर काय मिळालं तेही मीच सांगेन."

तिने सांगितलं. आमच्या भाषेत, उभं राहून, काडीपासून काट्यापर्यंत. शेजारी खात्याची एक तरुण मुलगी इंग्रजीत सांगायला उभी होती. गौदेन्सिया सातवीपर्यंत शिकलेली. 'फिश' तिला कळत होतं, 'स्कूल' कळत होतं, 'ब्रदर' कळत होतं. आपण बोलून झालं की मुलगी काय म्हणते, ते ती कान देऊन ऐकत होती. फिश पुष्कळदा आलं. स्कूल आलं. ब्रदर एकदाही आलं नाही.

"माझ्या भावाचं सांगितलं नाहीस," ती मुलीला हळूच म्हणाली.

"वेळ कमी आहे ना, मावशी," मुलगी म्हणाली. तिची नजर खात्याच्या साहेबांवर होती. "तुम्ही फार छान बोललात."

एका गोऱ्या बाईने डोळे पुसत येऊन गौदेन्सियाला मिठी मारली. मग जेवण. मोठ्या ताटात एंपुटाचे पांढरे, सोललेले तुकडे, लिंबू पिळलेले. दोन वर्षांत तिने सांगाड्याशिवाय मासा चाखला नव्हता. तिने खाल्लं. परत मागून घेतलं. हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

ती परतली तेव्हा धक्क्यावर मातिया उभा होता. इतक्या काळात पहिल्यांदाच तिला घ्यायला आलेला. मीही होते. त्याने तोंड तिच्या कानाशी नेलं.

"सांगितलंस?" मला ओठांवरून कळलं.

"सगळं."

"मग?"

"टाळ्या वाजवल्या."

मातिया हसायला लागला. आवाज नव्हता, नुसते खांदे हलत होते आणि गळ्यावरचा व्रण वरखाली होत होता. गौदेन्सियाने त्याला एक थापट मारली, मग दुसरी, जोरात. तो हसायचा थांबेना. मग तिने मारणं सोडलं आणि त्याचा दंड धरून उभी राहिली.

देझिदेरोच्या होड्या येत होत्या. मुकादम कोठाराच्या दारातून ओरडला, "ए अध्यक्षबाई, बर्फ काय तुझा आजोबा फोडणार आहे?" मातियाने तिची पिशवी खांद्याला अडकवली आणि लंगडत घराकडे निघाला. आम्ही दोघींनी कपडे वर खोचले आणि कोठारात गेलो. त्या दिवशी मासा इतका आला होता की बर्फ कमी पडला.