डावी बाही काइसाची

मी पिह्लाची डांगरी बोलतेय. गेला आठवडाभर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. डांगरीला कुठले आलेत डोळे, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण काळजी करायला डोळे लागत नाहीत, हे मला फार लवकर कळलं. काळजी एकच आहे: आज काइसा येणार, आणि माझी डावी बाही उसवून घेऊन जाणार.

डांगरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कारखान्यातला कामगार आला असेल. मी तशी नाही. उत्तरेकडच्या आमच्या बर्फाळ औलू शहरात विद्यापीठात शिकणाऱ्या प्रत्येकाकडे अशी एक डांगरी असते. रंगावरून कळतं, कोण काय शिकतंय. मी मोहरीच्या फुलासारखी पिवळी, पिह्लाच्या विद्यार्थी मंडळाची. ज्या ज्या समारंभाला आमचा मालक जातो, तिथला कापडी बिल्ला आणून आमच्यावर शिवतो. जिथे गेलो नाही, तिथला शिवायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना माहीत असतं.

माझा जन्म कुठल्या तरी कारखान्यात झाला, ते मला आठवत नाही. मला आठवतं ते मोठं खोकं आणि त्यात कोंबलेल्या माझ्या सख्ख्या बहिणी. आमच्या पाठीवर जन्मतःच जाहिराती छापलेल्या होत्या, कारण आमच्या शिलाईचे पैसे त्या कंपन्यांनी दिले होते. त्यामुळे नोकरीची चिंता आमच्या पाठीवर पहिल्या दिवसापासूनच आहे.

पिह्लाने मला खोक्यातून काढलं तेव्हा ती इतर मुलींपेक्षा तीनचार वर्षांनी मोठी होती आणि तिच्या कडेवर दोन वर्षांची हेल्मी होती. हेल्मी एक आठवडा आईकडे, एक आठवडा बाबांकडे. पिह्लाने मला अंगाला लावून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "शोभत नाही ना? पोरीची आई आणि हे असलं काहीतरी!"

तेव्हा शेजारच्या खोलीतली काइसा दारात उभी होती. नर्सिंगची विद्यार्थिनी, तिची डांगरी निळी. ती म्हणाली, "नाहीच शोभत. पण मला तरी कुठे शोभते? चल, आटप. पोरीलाही घे."

मला ती त्या क्षणी आवडली. मी तिच्यावर अवलंबून राहणार, हेही तेव्हाच कळायला हवं होतं.

फेब्रुवारीत आमच्याकडे घसरगुंडीचा सण असतो. टेकडीवर सगळं विद्यापीठ जमतं आणि घरी बनवलेल्या वाटेल त्या गाडीवरून खाली घसरतं. काइसाने कुणीतरी टाकून दिलेला सोफा मिळवला होता आणि खाली जुन्या स्की ठोकल्या होत्या. पुढे पिह्ला, तिच्या मांडीवर हेल्मी, मागे ढकलून उडी मारणारी काइसा. अर्ध्या वाटेवर सोफ्याची एक स्की निसटली आणि आम्ही सगळ्या बर्फात. हेल्मी रडेल म्हणून पिह्लाचा जीव वर-खाली झाला. हेल्मी तोंडातला बर्फ थुंकून म्हणाली, "परत!"

माझा पहिला बिल्ला त्या दिवसाचा. उजव्या मांडीवर आहे, लाल सोफ्याच्या चित्राचा.

त्याच संध्याकाळी साउनातून, म्हणजे वाफेच्या न्हाणीघरातून, बाहेर पडल्यावर, मलईचे पाव खाताना, काइसा म्हणाली, "बाही बदलायची का?"

ही आमच्याकडची रीत आहे. ज्याच्यावर जीव जडला त्याच्या डांगरीचा एक तुकडा आपल्या डांगरीला जोडायचा आणि आपला त्याला द्यायचा. बहुतेक जण प्रेमात पडल्यावर करतात. पिह्ला हसली. "अगं, लोक काय समजतील?"

"समजतील की तुझी एक बाही निळी आहे."

स्वयंपाकघरातल्या कात्रीने त्यांनी आमच्या डाव्या बाह्या कापल्या. दुखलं. पण जुळलं. पिह्लाला शिवण येत नाही, म्हणून दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याने शिवलं. आमच्याकडे सगळे तसंच करतात, तो दोरा तुटता तुटत नाही. कितीतरी दिवस माझ्या खांद्याला पुदिन्याचा वास येत होता. हेल्मी माझ्यात नाक खुपसून म्हणायची, "डांगरीने दात घासलेत."

आम्हाला पूर्ण अंगात कुणी घालत नाही. वरचा भाग खाली सोडायचा आणि दोन्ही बाह्यांची पोटावर गाठ मारायची. म्हणजे माझी पिवळी बाही आणि काइसाची निळी बाही पिह्लाच्या कमरेला मिठी मारून असायच्या. ते वर्ष असं गेलं. पिह्लाचा अभ्यास थोडा मागे होता, झोप कमी होती, तरी ती हसायची. वाप्पूला, म्हणजे मे महिन्याच्या पहिल्या दिवसाच्या सणाला, ती मला घालून नदीत उतरली. डांगरी मशीनमध्ये धुवायची नसते, मालकाने अंगात घालून पाण्यात शिरायचं असतं. पाणी असं गार होतं की माझे टाके आवळले. काठावरून काइसा ओरडत होती, "नीट घास! काखेत घास!"

तेवढंच माझं धुणं. त्यानंतर मी पाणी पाहिलेलं नाही.

मग पिह्लाला एका कंपनीत अर्धवेळ नोकरी लागली. अर्धवेळ हे कागदावर. मंडळाच्या कार्यकारिणीतही तिचं नाव आलं, कारण पुढे नोकरीला ते बरं दिसतं. आणि मग कुणीतरी तिला सांगितलं की इतकं सगळं करणाऱ्याने स्वतःचीही काळजी घ्यायला हवी. झालं! पिह्लाने तेही कामाच्या यादीत घातलं. विद्यापीठात त्याचा अभ्यासक्रम आहे, त्याचे गुण मिळतात. तिने फोनमध्ये रोजची घंटा लावली. घंटेचं नाव "श्वास". ती वाजली की सगळं सोडायचं, डोळे मिटायचे आणि मोजून श्वास घ्यायचे. हेल्मीच्या पायात अर्धा घातलेला मोजा असला तरी. मला त्या घंटेचा राग आहे. मी विश्रांतीच्या विरोधात नाही हो. पण या बाईने विश्रांतीलाही कामाला लावलं.

मी कपाटात गेले. पिह्लाचा आणि काइसाचा जिना एकच, पण भेटी फोनवर. "पुढच्या आठवड्यात नक्की." "हेल्मी बाबांकडे गेली की नक्की." हेल्मी बाबांकडे गेली की पिह्ला दुप्पट काम करायची.

आणि मग एक दिवस तिने मला कपाटातून काढलं. मला वाटलं, चला! पण तिने मला घातलं नाही. मांडीवर घेतलं, कानात ‘स्वतःची काळजी कशी घ्यावी’ याचं व्याख्यान लावलं आणि माझ्यावर एक बिल्ला शिवायला बसली. गाण्यांच्या मेजवानीचा बिल्ला. मी त्या मेजवानीला गेलेच नव्हते! तीही गेली नव्हती. मंडळाकडून मागवला होता. मग आणखी एक. आणखी एक. कार्यकारिणीच्या बैठकीला मला खांद्यावर टाकून नेलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, "बापरे पिह्ला, तुला हे सगळं कसं जमतं गं?" आणि ती लाजल्यासारखं हसली.

मी आयुष्यात खोटं बोलले नाही. माझ्यावर खोटं शिवलं गेलं. पण मला सारखं वाटतं, माझंच काही चुकलं का? मी अंगाला टोचत होते का? की तिची दया यायला हवी तिथे मला राग येतो, हीच माझी चूक? तिला कुणी सांगितलंच नव्हतं की एखादी गोष्ट नाही जमली तरी चालतं. मलाही नव्हतं सांगितलं. मी तरी काय सांगणार होते, कपाटातून?

यंदाचा घसरगुंडीचा सण काइसाने भरवला होता. पिह्लाने वचन दिलं होतं: मी येणार, हेल्मीला आणणार, सोफ्यावर पुढे बसणार. मला रात्रीच खुर्चीवर काढून ठेवलं होतं. सकाळी कंपनीतून फोन आला. मी दिवसभर खुर्चीवरच. पण सणाचा बिल्ला मात्र नंतर माझ्या डाव्या मांडीवर आला. गेल्या आठवड्यात काइसा साखर मागायला आली, मी तेव्हा दोरीवर वाऱ्याला टांगलेली. तिने बिल्ला पाहिला. साखर न घेता म्हणाली, "माझी बाही परत दे. वाप्पूच्या आधी."

बेल वाजली. आली.

बाहेर एप्रिलचा चिखलबर्फ आहे. काइसाने बूट दारात काढले, कॉफी घेतली, पाव घेतला नाही. पिशवीतून तिने माझी जुनी पिवळी बाही काढून टेबलावर ठेवली. आधीच उसवून आणलेली. बाई गं! किती मळली होती ती, कोपरावर ठिगळ, कडेला जळल्याचा डाग. काय काय पाहून आली होती.

पिह्ला कात्री घेऊन माझ्या खांद्याशी बसली. तो दोरा तुटता तुटत नाही, ते सांगितलंच मी. एकेक टाका. हेल्मी आता पाच वर्षांची आहे. ती खाली बसून माझ्या बिल्ल्यांवर बोट ठेवत होती.

"आई, इथे मी होते?"

"नाही, तिथे लहान मुलं नसतात."

"तू होतीस?"

कात्री थांबली. "नव्हते."

"आणि इथे?"

"नव्हते गं."

"मग इथे कोण होतं?"

"मी होते," काइसा म्हणाली. "तिथे सगळीकडे मी होते. एकटी."

"मला काम होतं काइसा. तुला माहितीये. मी काय काय करू? नोकरी सोडू? परीक्षा सोडू? हिला कोण सांभाळणार?"

"मी सांभाळलं असतं ना! तू सांगायचं होतंस फक्त. पण नाही, मोठ्या साहेबीणबाईंना सगळं स्वतःच करायचं. आणि केल्यासारखं दाखवायचंही."

"दाखवत नव्हते. मला..." पिह्लाने कात्री मिटली. "मला वाटायचं, बिल्ला असला की निदान मी तिथली तरी राहीन."

मग पिह्लाने माझी बाही सोडली आणि डाव्या मांडीवरचा, न पाहिलेल्या सणाचा बिल्ला उसवायला घेतला. तो निघाला. दुसरा निघाला. त्यांच्या जागी नुसती सुईची भोकं राहिली. मला उघडं उघडं वाटलं, पण हलकंही वाटलं.

काइसा बघत होती. म्हणाली, "त्या दिवशी टेकडीवर तुला सांगणार होते. जूनपासून मी केमी गावाला. तिथल्या इस्पितळात लागले."

"केमीला? कायमची?"

"कायमची म्हणजे काय. नोकरी आहे." ती उठली. माझी डावी बाही तेव्हा अर्ध्या टाक्यांवर लोंबत होती. "राहू दे अर्धीच. मला नाही बघवत." ती दाराशी गेली आणि बुटात पाय घालायला लागली.

आता माझं म्हणणं मी सांगून टाकते, कारण पुन्हा वेळ मिळेल असं वाटत नाही. मुलींनो, तुमच्याकडे माझ्यासारखी एखादी डांगरी असेल तर तिला घाला. मळवा. फाडा. आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी सरळ सांगा की जमत नाही. पण न गेलेल्या जागेचा बिल्ला आम्हाला लावू नका. आम्हाला कळतं. आणि दारात बूट घालणाऱ्या माणसाचे बूट घालून होईपर्यंतच वेळ असतो.

पिह्ला माझ्यासकट उभी राहिली होती. तोंड उघडलं होतं, शब्द अगदी ओठांवर होता. आणि तेवढ्यात टेबलावर फोनची घंटा वाजली. "श्वास".

काय सांगू तुम्हाला! सवय वाईट असते. तिने खरोखर डोळे मिटले. खांदे खाली सोडले. छाती भरायला लागली. काइसाने एक बूट घातला, दुसऱ्याची नाडी ओढली.

मी काही म्हणू शकत नाही, मला तोंड नाही. हेल्मीने मान वर करून आईकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, माझी लोंबणारी निळी बाही धरून जोरात ओढली आणि म्हणाली,

"आई, श्वास नंतर घे ना! काइसा चाललीये."