नऊ गाण्यांचं आडनाव

लाँड्री वहिनीची आणि कॉम्प्युटर नणंदेचा. दोघींनी मिळून वर्षभर गाणी केली. धुलाई यंत्रांची धडधड, इस्त्रीच्या वाफेचा फुत्कार, पत्र्याच्या बादल्यांचा खणखणाट हे सगळं वहिनी टिपून आणायची. नणंदेला घरात ठिणगी म्हणत. ती त्यावर कॉम्प्युटरवरच्या सिंथेसायझरचे सूर चढवायची. नऊ गाणी झाली आणि वादाला तोंड फुटलं.

निमित्त झालं रेकॉर्डवाल्याचं. अल्बम दुकानात ठेवायला तो एका पायावर तयार होता, पण कुठल्या कप्प्यात ठेवू, असं त्याने विचारलं. ठिणगी म्हणाली टेक्नो, वहिनी म्हणाली इंडस्ट्रियल. त्याने दोघींना घरून ठरवून यायला सांगितलं.

ठरतंय कसलं! ज्यात बादली वाजते ते इंडस्ट्रियल, मग त्यावर कुणी नाचो की रडो, असं वहिनीचं मत. ठिणगीच्या मते पाय थिरकले की टेक्नो, बादली असो वा बासरी. दादा मध्ये पडला, सगळीच गाणी सारखी वाटतात म्हणाला, आणि आठवडाभर त्याला घरात कुणी धड उत्तर दिलं नाही.

खरं दुखणं सहाव्या गाण्याचं होतं. त्यात ठेका नव्हताच, नुसती वाफ. वहिनीचा त्यात जीव अडकलेला.

"वहिनी, बाकीची आठ धावतायत आणि हे मध्येच आडवं झोपलंय," ठिणगी म्हणाली. "अल्बम एकसंध नको का?"

वहिनीला ते लागलं, कारण ते खोटं नव्हतं.

शेवटी एका दुपारी तिने ठिणगीला बोलावून लाँड्रीत स्पीकर लावला. पहिलं गाणं संपलं, पण शांतता झालीच नाही. कोपऱ्यात ड्रायर घरघरत होता, आणि दुसरं गाणं त्या घरघरीतूनच वर आलं. वहिनीचा इस्त्रीचा हात शर्टाच्या कॉलरवर थांबला. सहावं लागलं तेव्हा वाफ ड्रायरच्या आवाजात अशी मिसळली की कुठे काय संपलं ते कळेना. चादरी न्यायला आलेली नर्स घाईत होती, तरी पिशवी खाली ठेवून ऐकत राहिली.

"हे नवीन लागलं," तिने विचारलं, "की मघाचंच चालू आहे?"

"मघाचंच," ठिणगी हळूच म्हणाली आणि तिने वहिनीचा दंड असा दाबला की वळ उठला. गाण्यांचे मणी सुटे होते खरे, पण दोरा कोपऱ्यात गरगरत होता! त्या संध्याकाळी दोघींनी ड्रायरमागे माइक खुपसला आणि ती घरघर नऊही गाण्यांखाली अंथरली. हसून हसून ठिणगीला उचकी लागली.

कप्प्याचं मात्र भिजत घोंगडं तसंच राहिलं. रेकॉर्डवाल्याने सगळा अल्बम डोळे मिटून ऐकला आणि शांतपणे सांगितलं, "हे अँबियंट आहे. मागे मंद चालू राहणारं, वातावरणाचं संगीत."

झालं! दोघी मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. वाद इतका रंगला की बिचाऱ्याने प्रती तिन्ही कप्प्यांत वाटून टाकल्या.

बाहेर आल्यावर घरी जाववेना. काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने एका काकांनी नेमकी अँबियंटच्या कप्प्यातली प्रत उचलली.

"अहो, तिथली नको," वहिनी काचेआडूनच पुटपुटली, आणि दोघी हसत हसत फुटपाथवरच बसल्या.